रंगरावांना पोहता येत नाही

धायरीत आता जुनी माणसं हुडकून काढावी लागतात, पण एखादं सापडलंच तर त्याला रंगरावांच्या पोहण्याबद्दल विचारून बघा. चहा गार होईल, गोष्ट संपणार नाही. कुणाच्या विहिरीत घागर पडली की रंगरावांना बोलावणं, मोटारीचा पाइप तळाशी अडकला की रंगरावांना बोलावणं. एकदा म्हणे एका नव्या सुनेची नथ पडली होती, तीसुद्धा त्यांनी गाळात चाचपून चिमटीत धरून वर आणली. खरंखोटं ती विहीर जाणे. त्यांचे बालमित्र हिंमतराव तर शाळकरी वयात कालव्यात वाहून चालले होते. त्यांना रंगरावांनी केसाला धरून काठाला लावलं. हिंमतरावांचे केस आता राहिले नाहीत, पण उपकार राहिले आहेत, म्हणून ते दर चार दिवसांनी येऊन चहा पितात आणि तीच हकिकत नव्यानं सांगतात.

रंगरावांच्या मळ्यात स्वतःची विहीर होती. घरातली सगळी पोरं तिच्यात शिकली आणि सगळ्यांना शिकवलं रंगरावांनी. पद्धत ठरलेली. पाडवा झाला, ऊन तापायला लागलं, की वाळवून ठेवलेला मोठा भोपळा माळ्यावरून खाली यायचा. तो पोराच्या पाठीला बांधायचा, आपण आधी पाण्यात उतरायचं, हात पसरायचे आणि म्हणायचं, मार उडी, मी हाय. पोर रडतं, आईला हाका मारतं, शेवटी डोळे मिटून उडी टाकतं आणि पाण्यात पडल्या पडल्या शिकवणाऱ्याच्या गळ्याला अशी मिठी मारतं की त्याचाच श्वास कोंडावा. ती मिठी आपण होऊन सोडवायची नाही, हा रंगरावांचा नियम. लटकू द्यायचं पोराला. चार दिवसांनी ती सैल होते, आणि सुटली की पोर पोहायला लागलं म्हणून समजायचं. त्यांच्या नम्रतानं मारलेली मिठी तर अशी होती, की मानेवर नखांचे ओरखडे उठले होते. लेकीचा पराक्रम म्हणून ते ओरखडे रंगराव आठवडाभर गावाला दाखवत हिंडले होते.

पुढं शहर सरकत सरकत मळ्यापर्यंत आलं. मळ्याच्या जागी चार इमारती उभ्या राहिल्या, विहीर बुजवून तिथं गाड्या लावायची सोय झाली आणि रंगरावांना व्यवहारात दोन फ्लॅट मिळाले. एक भाड्यानं दिलेला आहे, दुसऱ्यात ते आणि यमुनाबाई राहतात. इमारतींच्या मधोमध निळ्या फरश्यांचा पोहण्याचा तलाव आहे. रंगरावांनी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हणाले होते, म्हशी धुवायला बरा हाय. तेव्हापासून सेक्रेटरी त्यांच्याशी फक्त नोटिशीतून बोलतात. इतक्या वर्षांत रंगराव त्या पाण्यात कधी उतरले नाहीत. खरं तर विहीर गेल्यापासून ते कुठल्याच पाण्यात उतरले नव्हते. रुसलेल्या माणसाला कारण विचारू नये, म्हणून कुणी विचारलंही नाही.

नम्रता लग्न होऊन ऑस्ट्रेलियात गेली, ब्रिस्बेनला. तिची मुलगी ऋतिका दहा वर्षांची. याआधी ती पुण्याला आली तेव्हा पाच वर्षांची होती आणि यमुनाबाईंच्या कडेवरून उतरत नव्हती. मधली पाच वर्षं आजोबा म्हणजे तिच्या लेखी फोनच्या काचेत दिसणारी एक मिशी. येत्या एप्रिलमध्ये तिथल्या शाळेला दोन आठवडे सुट्टी आहे, तेव्हा आम्ही येतोय, असं नम्रतानं दिवाळीत कळवलं. रंगरावांनी त्याच आठवड्यात हिंमतरावांच्या शेताच्या उरल्यासुरल्या तुकड्यात, कुंपणाच्या कडेला, भोपळ्याचं बी टाकलं.

नम्रता फोनवर कधीतरी म्हणाली होती, की ऋतिका स्विमिंगला जाते. पण रंगरावांचं तर्कशास्त्र सरळ होतं. स्विमिंगला जाते म्हणजे शिकायला जाते, आणि अजून शिकायला जाते म्हणजे येत नाही. आणि नळाच्या पाण्यात कुणी पोहायला शिकलंय का कधी? पुढं त्यांनी विचारलं नाही. भोपळा वेलावरच वाळू दिला, आतल्या बिया खुळखुळायला लागल्यावर काढला आणि जुन्या धोतरात गुंडाळून पलंगाखाली ठेवला. यमुनाबाईंनी केर काढताना तो दोनदा बाहेर ओढला आणि दोनदा आत ढकलला.

मायलेकी आल्या. ऋतिका दारातच वाकून पाया पडली. आईनं शिकवून आणली होती, तेही अगदी नीट. आणि त्यानंतर बारा दिवस तिनं आजोबांना हात म्हणून लावला नाही. वाईट वागली असं एका शब्दानं म्हणता येणार नाही. पाणी दिलं तर थँक्यू आजोबा, धक्का लागला तर सॉरी आजोबा, जेवताना तुम्ही घ्या ना आजोबा. पाहुणी पोर याहून चांगली कशी असणार? रंगरावांना तेच सलत होतं. पोर पाहुणी होती. बारा दिवसांतले बरेचसे नातेवाइकांकडच्या जेवणात, नम्रताच्या दातांच्या डॉक्टरकडं आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या खरेदीत गेले. तिसऱ्या दिवशी जेवताना नम्रता सहज बोलून गेली होती, की पुढच्या एप्रिलला काही जमायचं नाही, ऋतिकाचं शिबिर आहे, जावईबापूंना, म्हणजे इंद्रजीतला, रजा नाही, आणि मग तिचा अभ्यासही वाढेल. मग कधी येणार, असं यमुनाबाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, बघू.

रंगरावांनी त्या 'बघू'चा अर्थ बरोबर लावला. पुढच्या खेपेला ही पोर उंचीनं आईएवढी झालेली असणार, आणि तेवढ्या मोठ्या मुली आजोबांच्या गळ्यात पडत नाहीत. आपणही असलो तर असणार. आयुष्यात त्यांनी बरंच काही मागितलं आणि थोडंफार मिळालं. आता त्यांचं मागणं एवढंच होतं, की या पोरीनं जाण्याआधी एकदा आपल्या गळ्याला मिठी मारावी. बाहेर ती मारत नव्हती. पाण्यात मारल्याशिवाय राहणार नाही, कारण आजवर एकाही पोरानं ती मारल्याशिवाय सोडलं नव्हतं.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी लेकीला बजावलं, की आजचा दिवस माझा. नम्रताला बॅगा भरायच्या होत्या. ती आनंदानं हो म्हणाली.

उजाडता उजाडता आजोबा नातीला घेऊन धारेश्वराच्या टेकडीवर गेले. पायऱ्या ते तिच्या बरोबरीनं चढले, आणि वर गेल्यावर देवाला नमस्कार करायच्या निमित्तानं बराच वेळ वाकून दम खाल्ला. मग त्यांनी वरून गाव दाखवलं. ते बघ, ती पिवळी इमारत हाय ना, तिथं आपला गोठा व्हता. ते एटीएम दिसतंय, तिथं चिंच व्हती. ऋतिकानं प्रत्येक वेळी त्यांच्या बोटाच्या दिशेनं नीट बघितलं आणि म्हणाली, ओके आजोबा. उतरताना त्यांनी तिला कैऱ्या पाडायला हिंमतरावांच्या तुकड्यात नेलं, दगड कसा मारायचा ते दाखवलं. दगड झाडापलीकडच्या पत्र्यावर पडला आणि आतून एका बाईनं दोघांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. ऋतिका हसली. रंगरावांना वाटलं, जमतंय. पण रस्ता ओलांडताना त्यांनी हात पुढं केला तेव्हा ती म्हणाली, इट्स ओके, मी बघते आहे. आणि दोन्ही बाजूंना बघून एकटीच शहाण्यासारखी पलीकडं गेली.

उसाचा रस झाला, कुल्फी झाली, मारुतीच्या देवळामागच्या रिकाम्या जागेत विटीदांडू झाला. दहा वाजता आभाळ पांढरं पडायला लागलं आणि डांबर चपलेला चिकटायला लागलं. घरी आले तेव्हा पोरीचे गाल लाल झाले होते आणि रंगरावांच्या पायात गोळे आले होते. यमुनाबाईंनी दोघांपुढं पन्ह्याचे पेले ठेवले आणि नवऱ्याला विचारलं, की लेकराला उन्हात भाजून परत पाठवायचं ठरवलंय का. दुपारी ऋतिका कूलरसमोर फरशीवर पालथी पडून राहिली. रंगराव तिच्याशी भिकार-सावकार खेळले, मुद्दाम हरले, पुन्हा हरले. ती म्हणाली, वेल प्लेड आजोबा. हरणाऱ्याला असं म्हणायची तिकडं पद्धत असावी.

ऊन कलल्यावर रंगराव म्हणाले, चल, पोहायला. ऋतिका ताडकन उठून बसली. दिवसभरात पहिल्यांदा तिचे डोळे चमकले, आणि ते तलावाच्या नावानं चमकले, हे रंगरावांच्या ध्यानात आलं नाही. ते आतल्या खोलीत गेले आणि सोसायटीच्या नियमाप्रमाणं विकत आणलेली घट्ट चड्डी आणि रबरी टोपी घालून बाहेर आले. टोपीनं कपाळ वर ओढलं गेलं होतं आणि मिशी एकदम मोठी दिसत होती. यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. "जा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला बघितलं की भिऊन पाणीच काठावर येईल."

तलावाच्या दारावर उत्तरेश्वर म्हणून राखणदार असतो. उस्मानाबादकडचा, पन्नाशीचा, नियमाला पक्का. त्यानं रंगरावांच्या काखेतला भोपळा बघितला आणि सांगितलं, की भाजी बाहेर ठेवा, आत खायला मनाई हाय. रंगरावांनी त्याला खायचा आणि बांधायचा भोपळा यातला फरक समजावून सांगितला. उत्तरेश्वरनं तो वाजवून बघितला, बिया खुळखुळल्यावर त्याची खात्री पटली आणि त्यानं दार उघडलं. मागोमाग नम्रता आली आणि साडीच्या निऱ्या आवरून काठावर पाय सोडून बसली. आपल्या आबांच्या काखेत काय आहे ते तिनं बघितलं आणि तिचं हसू ओठांवर येऊन तिथंच थांबलं. काहीतरी सांगायला हवं होतं आणि ते सांगायचं राहून गेलं, हे तिला त्या क्षणी कळलं. पण तोवर रंगराव पाण्यात उतरले होते.

इतक्या वर्षांनी अंगाला पाणी लागलं आणि त्यांना शहारून आलं. रुसवा कुठल्या कुठं गेला. नळाचं तर नळाचं, पाणी ते पाणी. भोपळा त्यांनी काठावर हाताशी ठेवला, छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले, कपडे बदलून आलेल्या नातीकडं बघून दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "मार उडी. भिऊ नगं, मी हाय."

ऋतिकानं त्या पसरलेल्या हातांकडं बघितलं. मग ती वळली, काठाकाठानं चालत खोल पाण्याच्या टोकाला गेली, पोहायचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि सूर मारला. पाणी उडालंसुद्धा नाही. ती आत गेली ती दिसेनाशी झाली, आणि तलावाची अख्खी लांबी एका श्वासात कापून रंगरावांच्या पायाशी वर आली. दुसऱ्या काठावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. रंगरावांचे हात अजून पसरलेलेच होते.

पोरीला तसं पोहताना बघून त्यांचा ऊर भरून आला. आपल्या रक्ताची आहे, तिला पाणी कळतं, याचा त्यांना अभिमान वाटला, आणि तो खोटा नव्हता. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं, आणि ते सोसवेना. हिला शिकवून झालं होतं. त्यांनी भोपळ्याचं बी टाकलं त्याच्या कितीतरी आधी, समुद्रापलीकडं कुणीतरी हात पसरले होते, हिनं तिथं उडी मारली होती, त्या कुणाच्यातरी गळ्याला घट्ट धरलं होतं आणि सोडलंही होतं. रंगरावांच्या वाट्याला आलं होतं टाळ्या वाजवणं. त्यांनी हात खाली घेतले आणि दोन टाळ्या वाजवल्या.

"आजोबा," ऋतिका तोंडावरचं पाणी निपटत म्हणाली, "हा पंपकिन कशाला आणलाय?"

रंगरावांनी भोपळ्याकडं बघितलं. मग नातीकडं. पुढचं वाक्य त्यांनी ठरवून म्हटलेलं नव्हतं, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"मला बांधायला," ते म्हणाले. "मला पवायला येत न्हाई."

काठावर नम्रतानं मान वर केली. बापलेकीची नजरानजर झाली. रंगरावांनी डोळे मिचकावले नाहीत, खूण केली नाही, नुसतं बघत राहिले. नम्रता पुन्हा खाली पाण्याकडं बघायला लागली.

ऋतिकाला आधी खरंच वाटेना. एवढा मोठा माणूस आणि पोहता येत नाही? तिच्या वर्गात तर सगळ्यांना येतं. कुणी शिकवलंच नाही का? न्हाई, रंगराव म्हणाले, राहूनच गेलं. मग तिचा चेहरा बदलला. बारा दिवस जी पोर पाहुणी होती ती एकदम घरातल्या थोरल्या बाईसारखी झाली. तिनं भोपळ्याला गुंडाळलेली दोरी सोडवली, भोपळा आजोबांच्या पाठीला लावला, गाठ मारली, ओढून बघितली. गाठ चुकीची होती. रंगरावांनी ती तशीच राहू दिली.

मग शिकवणं सुरू झालं. ज्याला पोहता येतं त्याला न येण्याचं सोंग करणं किती जड जातं, ते करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. अंग आपोआप तरंगतं, पाय आपोआप हलतात. रंगरावांना एकेक अवयव अडाणी करावा लागला. ते आखडले, त्यांनी नाकातोंडात पाणी घेतलं, गटांगळ्या खाल्ल्या, आणि एकदा तर सोंग इतकं वठलं की खरोखरीच ठसका लागला. ऋतिकानं झटकन जवळ येऊन त्यांची छाती चोळली. दिवसभर चालून पायात आलेले गोळे ऐन वेळी उपयोगी पडले. काठावरच्या बायका आपसात काहीतरी कुजबुजल्या, आणि उत्तरेश्वर नियम मोडून आत येऊन उभा राहिला, कारण म्हातारा बुडतोय की काय याची त्याला काळजी वाटली.

मग ऋतिकानं भोपळा सोडवून काठावर ठेवला आणि त्यांना उताणं झोपायला सांगितलं. त्यांच्या डोक्याखाली तिनं दोन्ही तळवे धरले. पोट वर, हनुवटी वर, श्वास सोडायचा नाही. रंगराव मुद्दाम बुडायला लागले, आणि बुडता बुडता त्यांनी हात वर करून नातीच्या गळ्याला मिठी मारली.

ती दचकली नाही. तिच्या शिक्षकानं तिला हे सांगून ठेवलं असावं. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग तोही हात अपुरा वाटला म्हणून दोन्ही हातांनी त्यांना घट्ट धरलं. तिचा ओला गाल त्यांच्या कानाला लागला होता.

"घाबरू नकोस ना, आजोबा," ती म्हणाली. "मी आहे. तुला सोडणार नाही."

तुम्हीचं तू कधी झालं हे तिच्या ध्यानात आलं नाही. रंगराव गळा धरून राहिले. लटकू द्यायचं असतं, सोडवायचं नसतं, हा नियम तिला कुणी सांगितलेला नव्हता, तरी तिनं पाळला. डोळ्यांतून जे आलं ते तलावाच्या पाण्यात कुणाला कळायचं कारण नव्हतं. काठावर बसलेल्या लेकीला कळलं, आणि तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावून उगाच ऊन लागतंय असं केलं.

दिवे लागले तरी मास्तरीणबाई शिष्याला बाहेर येऊ देत नव्हत्या.

घरी आले तर हिंमतराव निरोपाला म्हणून येऊन बसले होते, कैऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन. ऋतिकानं आल्या आल्या बातमी दिली, की आजोबांना अजिबात पोहता येत नव्हतं, ते पाण्याला खूप घाबरतात, आणि आज तिनं त्यांना तरंगायला शिकवलं, म्हणजे जवळजवळ. हिंमतरावांनी रंगरावांकडं बघितलं. मग आपल्या टकलावरून हात फिरवला, जिथले केस धरून याच माणसानं त्यांना कालव्यातून ओढून आणलं होतं. "अगं पोरी," त्यांनी सुरुवात केली, "हा रंगा..." आणि रंगरावांनी मित्राच्या गुडघ्यावर हात ठेवून तो जोरात दाबला.

हिंमतरावांनी आयुष्यात तीच एक गोष्ट सांगितली होती. ती गिळायला त्यांना वेळ लागला. "हा रंगा ना," शेवटी ते म्हणाले, "हा पहिल्यापासून भित्रा. आम्ही समदी पवायचो, आनि हा कपडे सांभाळीत बसायचा." एवढं बोलून ते पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरात बराच वेळ थांबले.

यमुनाबाईंनी नवऱ्यापुढं टॉवेल टाकला. "अजून काय काय येत नाही ते सांगून टाका एकदाचं," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे पोर मुक्कामाला तरी राहील."

नम्रता आबांना गॅलरीत एकटं गाठायला बघत होती. सापडले तेव्हा तिनं फार काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, की आबा, ती खोल पाण्यात स्पर्धेला उतरते, मी तुम्हाला सांगायला हवं होतं. आणि तुम्ही खोटं का बोललात?

"तिला समदं येतंय, नम्रा," रंगराव म्हणाले. "माझ्याकडं तिला द्यायला कायच उरलं न्हवतं. मग म्हटलं, आपन घ्यावं."

नम्रतानं त्यांच्या पाठीवरचे दोरीचे वळ टॉवेलनं हलकेच टिपले. पुढच्या खेपेचं त्यांनी विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. सामान चढलं, नमस्कार झाले. ऋतिका पाया पडायला वाकली आणि मध्येच थांबून आजोबांना अटी सांगायला लागली. रोज बादलीत तोंड घालून बुडबुडे काढायचा सराव करायचा. रविवारी फोनवर ती तपासणार. आणि ती येईपर्यंत एकट्यानं पाण्यात अजिबात उतरायचं नाही. काठावर बसून पाय सोडले तर चालतील. "प्रॉमिस कर," ती म्हणाली. "तुला अजून नीट येत नाही. काही झालं तर मी इथं नसणार." रंगरावांनी तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं. मग तिनं त्यांच्या गळ्याला मिठी मारली, कोरड्या जमिनीवर, सगळ्यांच्या देखत. गाडीचा ड्रायव्हर दोनदा भोंगा वाजवून मोकळा झाला.

त्यानंतर सुरुवातीचे रविवार मजेत गेले. रंगराव बाथरूममध्ये फोनसमोर बसून बादलीत तोंड घालायचे, बुडबुडे काढायचे, आणि ऋतिका पलीकडून सांगायची, अजून हळू, नाकातून सोड. त्या बादलीत किती वेळ तोंड घालून राहायचं याचं त्यांना भान ठेवावं लागे, कारण जुन्या सवयीनं ते फार वेळ राहू शकत होते. मे महिन्यात एका रविवारी फोन आला नाही. तिची शर्यत होती. पुढच्या रविवारी ती मैत्रिणीकडं राहायला गेली होती. रंगरावांनी दोन्ही दिवशी बादली भरून ठेवली होती. संध्याकाळी यमुनाबाईंनी ते पाणी कुंड्यांना घातलं.

त्या आठवड्यात ऊन असं पडलं की कुत्रीसुद्धा गाड्यांखालून बाहेर येईनात. तीन वाजता तलावावर चिटपाखरू नव्हतं. रंगराव येऊन काठावर बसले आणि पाय पाण्यात सोडले. घोट्यापर्यंत गार, वर सगळं अंग पेटलेलं. हे त्यांचं रोजचं झालं होतं. एकदा पाणी लागल्यावर अंगाची जुनी भूक जागी झाली होती. एक सूर मारावा, तळाला हात लावून यावं, इतकंच. कुणी बघायला नव्हतं. ब्रिस्बेनमध्ये तर कुणालाच कळलं नसतं.

उत्तरेश्वर सावलीतून उठून आला. त्याला म्हाताऱ्याची कीव आली होती. "उतरा की आजोबा जरा," तो म्हणाला. "लई तापलंय. मी हाय इथं, बुडू देत न्हाई."

"नगं," रंगराव म्हणाले. "शिकवनारीनं सांगितलंय, ती आल्याबिगर उतरायचं न्हाई."

"मग कवा येनार त्या?"

रंगरावांनी पाण्यात पाय हलवले आणि लगेच थांबवले, उगाच जास्त पोहल्यासारखं व्हायला नको म्हणून.

"येईल," ते म्हणाले. "माझं अर्धंच शिकून झालंय."